स्वस्त घोडा आणि चार महिन्यांचा पावसाळा

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत घोड्यांविषयीची पत्रे नेहमीपेक्षा जास्त आहेत आणि ती बहुतेक कोकण किनाऱ्यावरून आलेली आहेत. पर्यटक कमी झाले, जे आले ते हात राखून खर्च करू लागले, आणि किनाऱ्यावर घोडे फिरवून किंवा घोडागाडी हाकून घर चालवणाऱ्यांना त्याची झळ सर्वांत आधी लागली, असे या पत्रांवरून दिसते. किनाऱ्यावरच्या तालुक्यांत पशुवैद्यकीय सेवेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला ही पत्रे वाचून स्वस्थ बसवत नाही. म्हणून मे महिन्याचे हे सदर पूर्णपणे या विषयाला दिले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून चार प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझ्याकडे दोन घोडे आणि एक घोडागाडी आहे. यंदा शनिवार-रविवार सोडल्यास धंदा जवळजवळ नाही. गावातील एक घोडेवाला धंदा बंद करत असून त्याची सहा वर्षांची घोडी तो ४५ हजार रुपयांना द्यायला तयार आहे. दोन वर्षांपूर्वी तिचे त्याला ७० हजार येत होते. एका घोड्याला आम्हाला रोज साधारण २५० रुपये खर्च येतो. मंदी संपल्यावर भाव वाढतील, तेव्हा आताच घेऊन ठेवावी, असे वडिलांचे म्हणणे आहे. आपण काय सुचवाल?
— एक वाचक, नागाव (ता. अलिबाग)

उत्तर : घोडी घेऊ नये, निदान मृग नक्षत्रापूर्वी तरी घेऊ नये. वडिलांचा अनुभव मोठा आहे आणि त्यांचे म्हणणे मी हलक्याने मोडीत काढत नाही, परंतु आपणच दिलेल्या आकड्यांवरून हिशेब मांडून पाहू. घोडी आपल्याला २५ हजार रुपयांनी स्वस्त मिळते आहे. जून ते सप्टेंबर हे १२२ दिवस किनाऱ्यावर घोड्याला काम नसते. त्या काळात चंदी, म्हणजे हरभरा-कोंड्याचा खुराक, कमी करून रोजचा खर्च २५० वरून २०० रुपयांवर आणला, तरी १२२ दिवसांचे २४,४०० रुपये होतात. म्हणजे भावात मिळालेली जवळजवळ सगळी सवलत घोडी पहिल्याच पावसाळ्यात दावणीला उभ्या उभ्या खाऊन टाकील आणि दसऱ्याला ती आपल्याला जुन्याच भावात पडलेली असेल. पुढचा हंगामही असाच मंद गेला, तर २५० रुपयांच्या हिशेबाने वर्षाचे ९१,२५० रुपये होतात. ही रक्कम तिच्या आजच्या किमतीच्या दुपटीहून थोडी जास्त आहे.

घोडा घेताना आपल्याकडे लोक किमतीवर तासन्‌तास घासाघीस करतात आणि पोसण्याच्या खर्चाचा विचार घरी आणल्यावर करतात. रिक्षा किंवा होडी धंदा नसेल तेव्हा झाकून ठेवता येते. घोडा मात्र धंदा असो वा नसो, दिवसाला पाच-सहा किलो गवत आणि पंचवीस ते चाळीस लिटर पाणी मागतोच. उत्पन्न घटले आणि खर्च तसाच राहिला की मालकाला विकण्याची घाई होते, एकाच गावात एकाच वेळी अनेकांना ती होते, आणि भाव उतरतो. तेव्हा घोडीची किंमत कमी का झाली, याचे उत्तर घोडीत शोधू नये. पोसणाऱ्यांची ऐपत कमी झाल्यामुळे ती उतरली आहे, आणि तेच कारण उद्या आपल्या दारातही उभे राहू शकते.

याबाबतीत अमेरिकेतील एक अनुभव सांगण्याजोगा आहे. तेथील घोड्यांचे शेवटचे कत्तलखाने २००७ मध्ये बंद झाले आणि लगेच २००८ ची मंदी आली. तेथील संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०११ मध्ये या दोन्ही गोष्टींचा परिणाम वेगवेगळा करून तपासला. मंदीमुळे सर्वच घोड्यांचे भाव ४ ते ५ टक्क्यांनी उतरले होते. कत्तलखाने बंद झाल्याचा फटका मात्र स्वस्त आणि मध्यम किमतीच्या घोड्यांना बसला होता आणि तो ८ ते २१ टक्के होता. ज्या घोड्याला शेवटचे गिऱ्हाईकच उरत नाही, त्याच्या भावाला तळ राहत नाही, हा त्याचा अर्थ. आपल्याकडे घोड्याच्या मांसाचा बाजार नाही, आणि तो नसावा असेच माझे मत आहे. पण त्यामुळे साध्या, वंशावळ नसलेल्या घोड्याचा भाव मंदीत किती खाली जाईल याला आपल्याकडे अडसर नाही, हे घेणाऱ्याने ध्यानात ठेवले पाहिजे. आज ४५ हजारांना मिळणारी घोडी ऐन श्रावणात ३० हजारांना देऊ करणारा कोणी भेटला, तर त्याचे आश्चर्य वाटू नये.

मंदी संपल्यावर भाव चढतील, हा वडिलांचा तर्क मात्र निराधार नाही. घोडी अकरा महिने गाभण राहते आणि शिंगरू कामाला यायला आणखी चार वर्षे लागतात. त्यामुळे वाईट वर्षांत पैदास थांबली की तिची उणीव पाच वर्षांनी जाणवते. आयर्लंडमध्ये भरभराटीच्या शेवटी, २००७ मध्ये शर्यतीच्या जातीची बारा हजारांहून अधिक शिंगरे जन्मली होती. २०१२ पर्यंत ती संख्या सुमारे साडेसात हजारांवर आली. आपल्या देशातील घोड्यांची आणि तट्टांची संख्या २०१२ च्या पशुगणनेत सुमारे ६ लाख २५ हजार होती, ती २०१९ मध्ये ३ लाख ४० हजारांवर उतरली. चांगली, शहाणी, समुद्राला न बुजणारी घोडी पुढे दुर्मीळ होत जाईल, हे मलाही मान्य आहे. परंतु त्या दिवसापर्यंत तिला पोसण्याची ताकद ज्याच्यापाशी आहे त्यालाच त्याचा लाभ होईल, आणि आपल्या पत्रावरून आधीचे दोन घोडेच आपल्याला जड जात आहेत असे दिसते.

आपल्या शेजारच्या चौल बंदरात एके काळी अरबस्तान आणि इराणमधून घोडे उतरत. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन तेथेच उतरला. पावसाळा त्याने जुन्नरला काढला आणि घोडा विकला गेला तो पुढे बिदरला. विक्रीपर्यंत त्याला पोसावे लागले, त्या खर्चाची नोंद त्याने आपल्या टिपणांत करून ठेवली आहे. नफ्याच्या आशेने कोकणच्या पावसाळ्यातून घोडा सांभाळून नेणाऱ्याला तेव्हाही चंदीचा खर्च टळला नव्हता.

शेवटी, घोडी मनात भरलीच असेल, तर मालकाशी दुसऱ्या तऱ्हेने बोलून पाहावे. मालकी त्याच्याकडेच राहू द्यावी, दसऱ्यापासून मेअखेरपर्यंत घोडी आपल्या दावणीला आणावी, चंदी आपण घालावी आणि मिळकत ठरलेल्या हिश्श्याने वाटून घ्यावी. यात दोघांचाही भार हलका होतो. विकतच घ्यायची वेळ आली, तर तिला वाळूवर चालवून पाहू नये; वाळू लंगडेपणा झाकते. डांबरी किंवा दगडी रस्त्यावर दुडकी चालवून पाहावी. तोंड उघडून खालचे पुढचे दात पाहावेत. घोड्याचे कायमचे दात पाचव्या वर्षी पूर्ण येतात आणि त्यांच्या माथ्यावरचे काळे खळगे मधल्या जोडीपासून झिजू लागून आठव्या वर्षापर्यंत सगळे नाहीसे होतात. सहा वर्षांची म्हणून दाखवलेल्या घोडीचे सर्व खळगे बुजलेले असतील, तर वय खोटे सांगितले आहे. आणि ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा निकाल हाती आल्याखेरीज तिला आपल्या घोड्यांजवळ बांधू नये. हा रोग माणसालाही होतो आणि त्याची लागण झालेल्या घोड्याला कायद्याने जिवंत ठेवता येत नाही.

प्रश्न : आमच्याकडे तीन घोडे आहेत. यंदा मिळकत निम्म्यावर आली म्हणून आम्ही चंदी निम्मी केली, गवताऐवजी भाताचा पेंढा देऊ लागलो आणि हरभऱ्याऐवजी स्वस्त मिळणारे तयार पशुखाद्य आणण्याचा विचार आहे. नालबंद आणि लसही यंदा टाळावी असे वाटते. यात घोड्यांचे नुकसान होईल का?
— एक घोडेवाले कुटुंब, मुरूड तालुका

उत्तर : आपण काटकसर करत आहात ती आवश्यकच आहे, पण आपल्या यादीतील निम्म्या गोष्टी चुकीच्या जागी कापल्या गेल्या आहेत. सर्वांत आधी पशुखाद्याविषयी कळकळीने सांगतो. कोंबड्यांच्या आणि काही ठिकाणी गुरांच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचे द्रव्य मिसळलेले असते. गायीला आणि कोंबडीला ते सोसते. घोड्याला मात्र अत्यल्प प्रमाणातही ते जीवघेणे आहे, कारण त्याने हृदयाचे स्नायू निकामी होतात आणि त्यावर उतारा नाही. त्यामुळे गुरांचे किंवा कोंबड्यांचे खाद्य, मग ते कितीही स्वस्त असो, घोड्याच्या तोबऱ्यात घालू नये.

चंदी निम्मी केली हे मात्र, काम निम्म्यावर आले असेल तर, बरोबरच आहे. किंबहुना मंदीतला एक धोका बहुतेकांच्या लक्षात येत नाही, तो येथे सविस्तर सांगतो. पूर्वी घोड्याला आठवडाभर थोडेथोडे काम असे. आता तो सोमवार ते शुक्रवार दावणीला उभा राहतो, प्रेमापोटी किंवा सवयीने त्याला पूर्ण चंदी मिळत राहते, आणि शनिवारी सकाळी मुंबई-पुण्याची गर्दी आली की त्याला एकदम दिवसभर पळवले जाते. अशा घोड्याच्या मांड्यांचे आणि कमरेचे स्नायू अचानक आखडतात, तो घामाने निथळतो, जागचा हलत नाही आणि त्याची लघवी गडद तपकिरी होते. असे झाले तर त्याला एक पाऊलही चालवू नये, जागेवरच थांबवून डॉक्टरांना बोलवावे. हे टाळण्याला पैसे लागत नाहीत. रिकाम्या दिवशी हरभरा आणि कोंडा निम्म्याहून कमी द्यावा, गवत भरपूर द्यावे, आणि रोज अर्धा-पाऊण तास तरी त्याला पायी फिरवून आणावे.

गवतात मात्र कपात नको. ३०० किलो वजनाच्या घोड्याला दिवसाला साधारण ६ किलो कोरडे गवत लागते. त्याचे पोट सतत थोडेथोडे खाण्यासाठीच घडलेले आहे. भाताचा पेंढा गायी-म्हशी रवंथ करून पचवतात, घोडा रवंथ करत नाही. नुसत्या पेंढ्यावर ठेवलेल्या घोड्याचे पोट आत घट्ट गोळा होऊन फुगते आणि पोटशूळाने तो लोळू लागतो. पेंढा अंथरायला वापरावा, वैरणीत घातला तरी थोडाच घालावा. पावसाळ्याच्या १२२ दिवसांना एका घोड्यामागे सुमारे ७३० किलो, म्हणजे तिघांना जवळजवळ २,२०० किलो गवत लागेल, आणि ओल लागून नासणारे धरून अडीच टन कोरड्या माळ्यावर आताच असायला हवे. मे महिन्यात ते महाग पडते हे मला ठाऊक आहे. पुढच्या वर्षी मात्र भाताच्या कापणीच्या सुमारास, डोंगरउतारावरचे गवत फुलोऱ्यावर येते तेव्हाच कापणाऱ्यांशी बोलून ठेवावे. बी झडून गेलेल्या गवतात कस राहत नाही. बुरशी आलेले गवत मिळेल त्या भावात पुष्कळ देऊ केले जाते, ते फुकटही घेऊ नये. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलेले वाईट खाद्य तो बाहेर टाकू शकत नाही.

२०२० मध्ये मार्चपासून किनारे ओस पडले आणि ३ जूनला निसर्ग वादळाने आपल्या जिल्ह्यातील नारळी-पोफळीच्या वाड्या झोपवल्या, तेव्हा तबेल्यांचे पत्रेही उडाले होते. त्या पावसाळ्यात मी पाहिलेल्या घोड्यांत अंगावर मांस टिकवून दसऱ्याला कामावर उभे राहिलेले घोडे श्रीमंत मालकांचेच होते असे नाही. ज्यांच्या माळ्यावर गवत कोरडे राहिले होते त्यांचे ते होते, आणि काही घरी त्यासाठी माणसांनी स्वतःची अंथरुणे खाली आणून गवताला जागा करून दिली होती. ते दृश्य मी विसरलेलो नाही.

नालेच्या बाबतीत खरी बचत शक्य आहे. पावसाळ्यात काम नसताना नाल काढून टाकावेत, खूर नालबंदाकडून तासून घ्यावेत आणि चार महिने घोडा अनवाणी ठेवावा. खुरांनाही त्याने विश्रांती मिळते. फक्त रोज संध्याकाळी खुराच्या तळातील चिखल खरडून काढावा, नाहीतर तेथे काळी, दुर्गंधीची कुज सुरू होते. धनुर्वाताची लस मात्र चुकवू नये. घोड्याइतका धनुर्वाताला बळी पडणारा दुसरा पाळीव प्राणी क्वचितच असेल, आणि लसीचा खर्च त्याच्या दोन-तीन दिवसांच्या चंदीहून जास्त नाही. किनाऱ्यावर वाळूतच चारा टाकण्याची सवय असेल तर तीही सोडावी. घमेल्यात किंवा तोबऱ्यात द्यावा. लिदीचा गोळा पाणी भरलेल्या काचेच्या बरणीत विरघळवून पाहावा. तळाशी वाळूचा थर बसला, तर तेवढीच वाळू पोटातही साचते आहे असे समजावे.

इतके करूनही तिघांना पुरत नसेल, तर तिघांना अर्धपोटी ठेवण्यापेक्षा दोघांना पूर्ण पोटी ठेवून तिसरा अंगात मांस आहे तोवरच चांगल्या घरी द्यावा. बरगड्या दिसू लागल्यावर गिऱ्हाईक शोधणे म्हणजे वरातीमागून घोडे. तेव्हा भाव तर मिळत नाहीच, पण चांगला मालकही मिळत नाही.

प्रश्न : घोडेपालनासाठी सरकारचे ५० टक्के अनुदान मिळते असे ऐकले. नोकरी गेली आहे. गणपतीपुळ्याजवळ आमची दोन एकर वाडी आहे. कर्ज काढून घोड्यांची पैदास सुरू करावी का?
— एक तरुण वाचक, रत्नागिरी तालुका

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर आणि उंट यांचा समावेश केला आणि भांडवली खर्चाच्या ५० टक्के, कमाल ५० लाखांपर्यंत अनुदान वैयक्तिक अर्जदारांनाही खुले केले. परंतु हे अनुदान भांडवलासाठी आहे, रोजच्या चाऱ्यासाठी नाही. पहिले शिंगरू विकण्याजोगे होईपर्यंत चार-पाच वर्षे जातात आणि त्या काळात कर्जाचा हप्ता आणि चारा दोन्ही आपल्या खिशातून जातील. शिवाय महाराष्ट्रातील घोड्यांचा मोठा बाजार सारंगखेड्याला, तापीकाठी दत्तजयंतीच्या यात्रेत भरतो, आणि भीमथडी घोड्याची पैदास भीमेच्या कोरड्या खोऱ्यात होते. रत्नागिरीच्या पावसात, दोन एकर वाडीत, दुसरे उत्पन्न नसताना हा धंदा सुरू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घोड्यांची ओढच असेल, तर आधी एखाद्या जाणत्या नालबंदाकडे काम शिकावे. किनाऱ्यावर घोडे आहेत आणि नालबंद कमी होत चालले आहेत, ही अडचण मला जवळजवळ प्रत्येक पत्रात वाचायला मिळते.

प्रश्न : चांगल्या दिवसांत मुलीच्या हट्टाखातर आम्ही गावच्या घरी एक शिंगरू आणून वाढवले. आता ती घोडी आठ वर्षांची आहे. मुंबईतील नोकरीत पगारकपात झाली, गावी सांभाळणाऱ्या गड्याचा पगार परवडेनासा झाला. चार महिने प्रयत्न करूनही गिऱ्हाईक मिळाले नाही. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर, सोडून द्या, गवत खाऊन जगेल, असे काही जण सांगतात. मुलीला अजून काही सांगितलेले नाही.
— एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : सड्यावर सोडू नये. कायद्याची बाजू आधी सांगतो. प्राण्यांना निर्दयतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या अकराव्या कलमानुसार, सबळ कारणाशिवाय पाळीव जनावराला उपासमारीची किंवा तहानेची वेळ येईल अशा रीतीने सोडून देणे हा गुन्हा आहे. परंतु माझे म्हणणे कायद्यावर थांबत नाही. जांभ्याच्या सड्यावर पावसाळ्यात हिरवळ दिसते, दिवाळीनंतर ती करपते आणि पाणी आटते. दावणीवर वाढलेल्या घोडीला कुठे पाणी आहे हे माहीत नसते. ती माणसांच्या वस्तीकडे परत येते, लोकांच्या भातात शिरते, मार खाते, किंवा रात्री रस्त्यावर उभी राहून गाडीखाली सापडते. अशा घोड्यांवर मी उपचार केले आहेत, आणि ज्यांना वाचवता आले नाही तेही मला आठवतात.

गिऱ्हाईक मिळत नाही याचा अर्थ घर मिळणार नाही असा नाही. आपण किंमत मागत आहात तोवर फक्त विकत घेऊ शकणारेच आपल्याकडे येतील, आणि आजच्या दिवसांत ते थोडे आहेत. किंमत सोडून द्यावी आणि अटी घालाव्यात. घोडी पुढे विकायची झाल्यास आधी आपल्याला विचारावे, तिला भाड्याच्या सवारीला किंवा गाडीला जुंपू नये, वर्षातून एकदा पशुवैद्याला दाखवावी, असे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. किनाऱ्यावरच्या घोडेवाल्यांपेक्षा घाटावरच्या ओळखीच्या शेतकरी कुटुंबांत विचारावे. तेथे स्वतःची वैरण असते, हवा कोरडी असते आणि घरच्या एका घोडीचे ओझे फारसे वाटत नाही. ज्यांच्याकडे आधीच एखादा घोडा आहे असे घर मिळाले तर फार उत्तम, कारण घोडा एकटा राहिला की झुरतो.

मुलीला आजच सांगावे. घर निवडताना तिला सोबत न्यावे, कारण घोडीच्या सवयी आपल्यापेक्षा तिला जास्त ठाऊक असतील आणि नव्या मालकाला त्या तिच्याकडूनच कळाव्यात. निरोप देताना घोडीचा खरारा, तोबरा आणि ओळखीची घोंगडी बरोबर द्यावी, आणि तिच्या नेहमीच्या चंदीचे दोन आठवड्यांचे पोतेही द्यावे. नवे खाद्य त्यात रोज थोडेथोडे मिसळत जावे, कारण खाद्य एकदम बदलले की पोटशूळ उठतो. हे सर्व पहिल्या पावसाआधी उरकावे. घाट चढायचा तो रस्ते कोरडे असताना, पहाटेच्या गारव्यात, आणि वाटेत दोनदा गाडी थांबवून पाणी पाजावे.